बसस्टॉपवर थांबलात म्हणून चलान आलं? भरायचं की लढायचं, ते असं ठरवा

मोबाइलवर मेसेज येतो की तुमच्या गाडीवर ५०० रुपयांचं ई-चलान आहे. फोटो उघडला की गाडी आपलीच, जागा भांडुपचा एलबीएस रोड आणि गाडीच्या मागे बेस्टच्या थांब्याची पाटी. मग घरात आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, "पाचशेच रुपये आहेत, भरून टाक." दुसरा म्हणतो, "तिथं नो पार्किंगचा बोर्ड कुठे होता? अजिबात भरू नको."

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. न बघता भरलं तर नसलेली चूक कबूल केल्यासारखं होतं. बोर्डाच्या मुद्द्यावर भांडायला गेलात तर बहुतेक वेळा हराल, कारण बसस्टॉपची गोष्ट साध्या नो पार्किंगपेक्षा वेगळी आहे. ती कशी, ते समजून घेऊ.

आधी बघू, बसस्टॉपवर एवढा जोर का?

भांडुप पश्चिमेला राहणाऱ्यांना एलबीएस मार्ग नव्याने सांगायला नको. कुर्ल्याकडून मुलुंडकडे जाणारा हा जुना आग्रा रोड. मंगतराम पेट्रोल पंप, महापालिकेचं एस वॉर्ड ऑफिस, सोनापूर सगळं याच रस्त्यावर. त्यात वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ चं काम. खांब आणि बॅरिकेड्स यांनी रस्त्याची रुंदी खाल्ली. उरलेल्या जागेत बस, रिक्षा, टेम्पो, डिलिव्हरीच्या बाइक्स आणि पायी चालणारी माणसं.

अशा रस्त्यावर बसस्टॉपसमोर एक कार उभी राहिली तर काय होतं? मोठी बस साधारण १२ मीटर लांब असते. तिला फूटपाथला चिकटून लागायचं असेल तर तिच्या लांबीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते, कारण आत वळायला आणि बाहेर पडायला वाव हवा. ती जागा नसली की ड्रायव्हर बस मधल्या लेनमध्येच उभी करतो. मग रांगेतली माणसं फूटपाथवरून खाली उतरतात, उभ्या कारला वळसा घालतात आणि चालत्या रस्त्यावरून बस पकडतात. मागून बाइकवाला डावीकडून घुसतो. तरुण माणूस पळत चढतो. गुडघे दुखणाऱ्या आजी, कडेवर मूल असलेली बाई आणि काठी घेतलेला माणूस यांचे मात्र हाल होतात. बेस्टने कमी उंचीच्या, चढायला सोप्या बस आणल्या, पण बस फूटपाथपासून सहा फूट लांब थांबली तर त्या सोयीचा उपयोग शून्य.

भांडुपला तर बसच्या रांगेचा विषय जिव्हारी लागलेला आहे. २९ डिसेंबर २०२५ च्या रात्री भांडुप पश्चिम स्टेशनबाहेर बेस्टच्या बसची लोकांना धडक बसली आणि ४ जणांचा जीव गेला. तो अपघात उभ्या गाडीमुळे झाला असं इथे म्हणायचं नाही. पण स्टेशनबाहेरच्या चिंचोळ्या रस्त्यावर बस आणि माणसं किती जवळून वावरतात, ते त्या रात्री सगळ्या मुंबईला दिसलं. त्यामुळे बसस्टॉप मोकळा ठेवा, ही मागणी फालतू नाही. ती कशी राबवली जाते, यावर मात्र प्रश्न विचारता येतात.

कायदा नेमका काय सांगतो?

बसस्टॉपवरचं चलान साधारणपणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ आणि १७७ खाली येतं.

कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी अशा रीतीने सोडू नये, की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल. इथे प्रत्यक्ष ट्रॅफिक जाम झालाच पाहिजे अशी अट नाही. तसं होण्याची शक्यता असली तरी पुरते.

कलम १७७ हे किरकोळ उल्लंघनांसाठीचं सर्वसाधारण दंडाचं कलम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये असा दंड त्यात आला. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

आता बोर्डाचा मुद्दा. साध्या रस्त्यावर पार्किंगला बंदी आहे हे कळण्यासाठी बोर्ड किंवा खूण लागते. तिथे "बोर्डच नव्हता" या म्हणण्याला वजन आहे. पण काही जागा अशा आहेत जिथे गाडी लावायची नाही हे नियमातच लिहिलंय. १९८९ च्या रस्ते नियमांत ही यादी होती: चौक, वळण, फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, शाळा आणि हॉस्पिटलचं गेट, आणि त्यातच बसस्टॉप. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या ड्रायव्हिंग नियमांनी घेतली, तरी बसस्टॉप मोकळा ठेवायचं तत्त्व कायम आहे. म्हणजे थांबा स्वतःच बोर्डाचं काम करतो. "नो पार्किंगची पाटी दिसली नाही" या एकाच मुद्द्यावर बसस्टॉपचं चलान रद्द होईल, अशी आशा धरू नका.

मुंबईत याआधी हा दंड किती वर गेला होता, तेही आठवून बघा. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावणाऱ्यांसाठी दंड थेट ५ हजारांपासून सुरू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही मुख्य रस्त्यांवर बसथांब्याच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत गाडी लावल्यास १० हजारांपर्यंत दंड, अशी घोषणा झाली. त्या रस्त्यांत एलबीएस मार्गही होता. लोक भडकले, आणि पुढे महापालिकेने दंडाची रक्कम बरीच खाली आणली. तेव्हाही अनेकांचा सवाल हाच होता की ५० मीटर म्हणजे नेमकं कुठपर्यंत, ते रस्त्यावर कुठे रंगवलंय?

"मी गाडी लावली नव्हती, दोनच मिनिटं थांबलो होतो"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. यात तथ्य आहे, पण थोडंच.

गाडी थांबवणं आणि गाडी लावून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरच्या खुणांमध्येही हा फरक आहे. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. निळ्या गोलावर लाल फुली असेल तर थांबायलाही मनाई. फुलीच्या बोर्डाखाली "दोनच मिनिटं" चालत नाही, अगदी दहा सेकंदही नाहीत.

फुलीचा बोर्ड नाही, ड्रायव्हर सीटवर आहे, आणि मागच्या दारातून म्हातारे वडील उतरतायत, असं फोटोत दिसत असेल तर "ही पार्किंग नव्हती" असं म्हणायला जागा आहे. पण त्याच वेळी मागे बस खोळंबलेली दिसत असेल, तर कलम १२२ चा अडथळा तिथे आहेच. कार बंद, आत कोणी नाही आणि मालक समोरच्या दुकानात, तर मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. "इंडिकेटर चालू होता" हाही बचाव नाही. पार्किंग लाइट लावल्याने बसस्टॉप काही पार्किंग होत नाही.

चलान म्हणजे शिक्षा नाही

हे बहुतेकांना माहीत नसतं. ई-चलान हा पोलिसांचा आरोप असतो. दोषी ठरवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांचा. कायद्याच्या कलम २०० ने तडजोडीची सोय दिली आहे. ठरलेली रक्कम भरा, प्रकरण तिथेच संपलं, कोर्टात जायची गरज नाही. आपण ऑनलाइन "दंड भरतो" म्हणजे खरं तर ही तडजोड करतो.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, पैसे भरल्यावर प्रकरण बंद होतं. त्यामुळे तक्रार करायची असेल तर ती भरण्याआधी करा. दोन, आज ५०० भरून विषय मिटवला, तरी तेच उल्लंघन पुन्हा झाल्यास पुढचं चलान १,५०० चं येऊ शकतं. रोज याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या रिक्षा-टेम्पोवाल्यासाठी आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलासाठी हा फरक म्हणजे एका दिवसाची कमाई.

मग पुरावा काय लागतो?

बसस्टॉपच्या चलानात सगळा खेळ फोटोचा. कॅमेऱ्यांनी होणाऱ्या कारवाईसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ ए हा नियम आला. त्यानुसार अशा चलानासोबत उल्लंघन आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो हवा. तारीख, वेळ, जागा आणि कोणतं कलम मोडलं ते हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. आणि उल्लंघनाची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. पोलिसाच्या हातातल्या मशीनमधून निघालेल्या चलानाला हा नियम जसाच्या तसा लागतो का, यावर युक्तिवाद होऊ शकतो. पण फोटोत गुन्हा दिसला पाहिजे, ही अपेक्षा दोन्हीकडे रास्त आहे.

दुसरा मुद्दा आणखी ताजा. जुलै २०२५ मध्ये ई-चलानांच्या विरोधात राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला. त्याच सुमारास राज्याच्या वाहतूक पोलिसांनी आदेश काढला की कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान टाकू नये. अशा पद्धतीत फोटो एका वेळचा आणि चलानावरची वेळ दुसरीच, असा घोळ होऊ शकतो. म्हणून तुमच्या चलानावरची वेळ आणि फोटोतला प्रसंग जुळतो का, हे आधी तपासा.

कोणते मुद्दे चालतात, कोणते नाहीत?

दम असलेले मुद्दे:

- नंबर तुमचा, पण गाडी तुमची नाही. रंग, मॉडेल किंवा स्टिकर वेगळं दिसतंय. बनावट नंबर प्लेटचा संशय असेल तर पोलीस स्टेशनलाही लेखी कळवा.
- फोटोत थांबा दिसतच नाही. फक्त नंबर प्लेटचा क्लोजअप आहे, गाडी कुठे उभी आहे ते कळत नाही.
- थांबा हलवलेला होता. मेट्रोच्या किंवा रस्त्याच्या कामात थांबे पुढे-मागे सरकतात आणि जुना खांब तिथेच राहतो. त्या दिवशी बस तिथे थांबत नव्हती हे दाखवता आलं तर मुद्दा भक्कम.
- एकाच वेळच्या, एकाच जागेच्या एकाच उल्लंघनासाठी दोन चलानं आली.
- गाडी बंद पडली होती. मेकॅनिकचं बिल किंवा टोइंगची पावती जोडा.
- कुणाला अचानक त्रास झाला म्हणून थांबलात. त्या दिवशीचा हॉस्पिटलचा केसपेपर जोडा.
- गाडी आधीच विकली होती. विक्रीची आणि आरटीओतल्या हस्तांतराची कागदपत्रं जोडा.

दम नसलेले मुद्दे:

- बाकीच्या गाड्याही उभ्या होत्या. असतील, पण त्याने तुमची गाडी योग्य जागी होती असं सिद्ध होत नाही.
- रिक्षावाले रोज तिथेच उभे असतात. वेगळी तक्रार जरूर करा, पण तुमच्या चलानाला तो बचाव नाही.
- तेव्हा बस येत नव्हती. बस कधी येईल हे पार्क करणाऱ्याने ठरवायचं नसतं.
- भांडुपमध्ये पार्किंगच नाही. तक्रार खरी आहे, पण ती महापालिकेकडे करायची. चलानाच्या उत्तरात ती कामाची नाही.

तक्रार कशी करायची?

पहिलं काम, फोटो बघा. राज्याच्या ई-चलान वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ अंक टाकले की चलान आणि फोटो दिसतात. महाट्रॅफिक ॲपवरही ते बघता येतं. फोटो डाउनलोड करून ठेवा.

दुसरं, शक्य तितक्या लवकर त्या जागी जा. थांब्याचा खांब, रस्त्यावरची रंगवलेली खूण, आसपासचा बोर्ड, बॅरिकेड, सगळ्याचे लांबून आणि जवळून फोटो काढा. महिन्याभराने बॅरिकेड हललेले असतील आणि तुमचा पुरावाही गेलेला असेल.

तिसरं, ऑनलाइन तक्रार नोंदवा. राग काढू नका, भाषण करू नका. उदाहरणार्थ, थांबा हलवलेला असेल तर एवढं पुरे:

"वाहन क्रमांक अमुक, चलान क्रमांक तमुक, दिनांक आणि वेळ अमुक. चलानात बसथांब्यावर वाहन उभे केल्याचे नमूद आहे. रस्त्याच्या कामामुळे सदर थांबा त्या तारखेपूर्वीच पुढे हलवण्यात आला होता. जुन्या व नव्या जागेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चलानातील छायाचित्रात बस किंवा प्रवाशांची रांग दिसत नाही. कृपया पडताळणी करून चलान रद्द करावे व निर्णय लेखी कळवावा."

शेवटचं वाक्य विसरू नका. निर्णय लेखी असेल तर पुढे कोर्टात कामाला येतो. तक्रारीचा नंबर आणि स्क्रीनशॉटही जपून ठेवा.

चौथं, गरज वाटल्यास माहिती अधिकार वापरा. १० रुपये शुल्क भरून, त्या जागी थांबा कधी मंजूर झाला, कधी हलवला, पार्किंगबंदीची अधिसूचना कोणती, असे नेमके प्रश्न विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. थांब्याबद्दल बेस्टला आणि अधिसूचनेबद्दल वाहतूक पोलिसांना विचारायचं.

मुदतींबाबत एक सावधगिरी. चलान भरण्याच्या आणि आव्हान देण्याच्या मुदती काटेकोर करण्याच्या दिशेने केंद्राने पावलं उचलली आहेत. त्यामुळे "वर्षभर काही होत नाही" हा जुना सल्ला विसरा आणि चलानावर किंवा नोटिशीत छापलेली मुदत पाळा.

तक्रार फेटाळली तर?

दोन रस्ते उरतात. पहिला, तडजोडीची रक्कम भरून मोकळं व्हायचं. दुसरा, कोर्टात "गुन्हा कबूल नाही" म्हणायचं.

कोर्टाच्या नावाने लोक घाबरतात, म्हणून आकडा बघा. कलम १७७ खाली पहिल्या उल्लंघनाचा दंडच ५०० रुपयांपर्यंत आहे. लढून हरलात म्हणून तो ५ हजार होत नाही. खरा खर्च वेळेचा. एक-दोन तारखांना कामावरची सुट्टी पडली तर ५०० रुपये कधीच भरून निघाले. म्हणून कोर्टाची वाट तेव्हाच धरा जेव्हा पुरावा पक्का आहे, किंवा चुकीची चलानं वारंवार येतायत, किंवा नंबर प्लेट बनावट असल्याने पुढचा धोका मोठा आहे.

लोकअदालतीबद्दलही गैरसमज आहे. तिथे तुम्ही बरोबर की चूक, याचा निवाडा होत नाही. तिथे समझोता होतो आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. चलान मान्य असेल आणि थकबाकी मिटवायची असेल तर लोकअदालत चांगली. चलानच चुकीचं आहे असं म्हणणं असेल तर ती जागा ते नाही.

आणि हो, व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान पाहा" म्हणून एपीके फाइल आली तर हात लावू नका. त्या फाइलने चलान दिसत नाही, बँक खातं रिकामं होतं. चलान नेहमी सरकारी वेबसाइट स्वतः उघडून तपासा.

लंडनमध्ये काय करतात?

लंडनमध्ये बंदी असलेल्या बसस्टॉपच्या कडेने जाड पिवळी पट्टी आणि रस्त्यावर थांब्याची चौकट रंगवलेली असते. त्या चौकटीत खासगी गाडीने सहज थांबलं तरी दंड. नियम आपल्यापेक्षा कडक आहे. पण चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ड्रायव्हरला दिसतं. दंड मान्य नसेल तर आधी दंड लावणाऱ्या संस्थेकडे हरकत घ्यायची. ती फेटाळली तर स्वतंत्र लवादाकडे दाद मागता येते, आणि त्याची फी नसते.

आपल्याकडे कमी आहे ती याच दोन गोष्टींची. रस्त्यावर स्पष्ट रंगवलेली चौकट, आणि दंड लावणाऱ्या खात्याबाहेरचा, कोर्टाइतका लांब नसलेला दाद मागायचा दरवाजा. पहिली गोष्ट तर फारशी खर्चिकही नाही. एलबीएस रोडच्या प्रत्येक थांब्यावर पिवळी चौकट रंगवली, मेट्रोचं काम जिथे थांबा हलवतं तिथे जुना खांब त्याच दिवशी काढला, तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत. एस वॉर्डमध्ये लेखी अर्ज करून ही मागणी कुणीही नागरिक करू शकतो. आपल्या चलानाच्या तक्रारीत थांब्याचे फोटो जोडणार असाल, तर त्याच फोटोंची एक प्रत या अर्जालाही जोडा.

फोटो नीट बघितल्यावर चूक आपली आहे असं दिसलं, तर ५०० रुपये भरा आणि पुढच्या वेळी गाडी थांब्याच्या पुढे नेऊन लावा. चूक आपली नाही असं दिसलं, तर पुराव्यासकट तक्रार करा. चुकीची चलानं रद्द झाली तरच बरोबर चलानांना लोक मान देतील, आणि तेव्हाच संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फूटपाथवरून थेट बसमध्ये पाय ठेवता येईल.